दीड इंच वाढलेला पाय

शनिवार, १३ डिसेंबर २००३. सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, कळंब येथे पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या एका मोकळ्या शेतात, नऊ वर्षांच्या आरोहीचा डावा पाय दीड इंचाने वाढला.

हे दृश्य पाहायला अडीच-तीन हजार माणसं होती. त्यांत दोन गुरांचे डॉक्टर होते आणि एक शिंपी होता. मोजमापाशी रोजचा संबंध असलेल्या या तिघांनीही टाळ्या वाजवल्या.

मांडव लग्नातलाच होता, फक्त वधूवरांच्या नावांच्या जागी ‘महाआरोग्य सुवार्ता महोत्सव’ अशी पाटी होती. तीन दिवसांचा कार्यक्रम, पहिला दिवस. हॅलोजनचा उजेड, कीबोर्डवर एकच सूर बराच वेळ धरून ठेवलेला, आणि मंचावर ब्रदर गिदोन. पांढरा सूट, पांढरे बूट, हातात बिनवायरचा माइक. ब्रदरचं मराठी नगरकडचं होतं, हिंदी टीव्हीवरचं, आणि आवाज असा की माइक नसता तरी चाललं असतं.

पोरीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. गुडघ्यांवर पांढरी शाल टाकली. मग एका स्वयंसेवकाने मखमलीच्या कापडाखाली झाकलेलं ताट आणलं. ताटात पांढरे रबरी गमबूट होते, दूध डेअरीत घालतात तसे.

“हे साधे बूट नाहीत!” ब्रदर म्हणाले. “पौल काय सांगतो? सुवार्तेची तयारी पायात घाला! कुठे? पायात! डोक्यात नाही, खिशात नाही, पायात! बोला आमेन!”

“आमेन!” लोक म्हणाले. बहुतेकांना बायबलातला हा पौल कोण ते ठाऊक नव्हतं, पण पाय ओळखीचा होता.

गमबूट मोठ्या माणसाचे होते. पोरीच्या पिंढऱ्या त्यात हंड्यात पळी उभी करावी तशा उभ्या राहिल्या. ब्रदर बाजूला गुडघ्यावर बसले, दोन्ही टाचा तळहातांवर घेतल्या, पाय सरळ लोकांकडे केले. डावा बूट उजव्यापेक्षा मागे होता. सगळ्यांना दिसला.

“डाव्या पाया!” ब्रदर गरजले. “तुला हुकूम आहे! चल! रुकना नहीं! पुढे चल! अजून! अजून! आऽऽ गया!”

दोन्ही बूट बरोबरीला आले. कीबोर्डवाल्याने सूर बदलला. आजवर कुणाच्या पायाशी इतक्या अधिकाराने कुणी बोललं नव्हतं, आणि पायाने इतकं निमूट ऐकल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं. आरोहीची आजी चिमाबाई हिने बसल्या जागेवरून बुटांना हात जोडले. पहिल्या रांगेतले पिंपरी पेंढारचे द्राक्षबागायतदार गेणभाऊ शेजाऱ्याला म्हणाले, “आयला, रबरावानी लांबला की राव!”

गेणभाऊ त्या क्षणी सत्याच्या सगळ्यात जवळ होते. त्यांना ते माहीत नव्हतं.

मग ब्रदर उपदेशाकडे वळले.

“मी गोळ्या बंद करा म्हणतो का? नाही! मी कोण म्हणणारा? पण तुम्हीच सांगा, ज्याच्या अंगणात सूर्य उगवला, तो कंदील पेटवतो का?”

“नाय!”

“कपाटात गोळ्या आणि ओठांवर आमेन! याला विश्वास म्हणायचं का?”

“नाय!”

“मी बोललो का? तुम्ही बोललात! आजार कुठून येतो? शंकेतून! शंका गेली, आजार गेला!”

आरोहीच्या आईने, अंजनाने, हे ऐकलं तेव्हा ती रडत होती. आनंदाने रडणाऱ्या माणसाला जे सांगितलं जातं ते खोल जातं.

आरोहीला खुब्याच्या हाडाचा टीबी आहे. वडील गोरख बोरी बुद्रुकचे, स्वतःच्या पिकअपमधून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवतात. वर्षाच्या सुरुवातीला पोरगी लंगडायला लागली, तेव्हा घरच्यांना वाटलं शाळेत पडली असेल. निदान होईपर्यंत पाय आखडला होता. औषध सुरू होऊन चार महिने झाले. डॉक्टरांनी नऊ सांगितलेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार. गावातल्या अंगणवाडीत आरोहीच्या नावाचा गोळ्यांचा डबा आहे आणि अंगणवाडीताई साळुबाई तिला समोर बसवून गोळ्या देते. या चार महिन्यांत ताप गेला, रात्रीचं कण्हणं थांबलं, पोरगी भाकरी मागून खायला लागली. फक्त पाय दीड इंच आखूड राहिला. तो तसाच राहील, पुढे चपलेला जाड तळ लावू, असं डॉक्टर म्हणाले होते.

म्हणजे डॉक्टरांनी ‘होणार नाही’ म्हटलेलं काम ब्रदरने पाच मिनिटांत केलं होतं. मग उरलेल्या रोगाची काय कथा, असा अंजनाचा हिशेब होता. बेरीज बरोबर होती. पहिला आकडाच खोटा होता.

त्याच रात्री गोरखने कळंबच्या एसटीडी बूथवरून साळुबाईला फोन केला.

“साळुबाई, आरोहीचा डबा दुसऱ्या कुणा गरजवंताला लागंल तर देऊन टाका. आमचं काम झालं.”

“गोरखभाऊ, ती काय दिवाळीची मिठाई हाय व्हय वाटून टाकायला?”

“पाय वाढला पोरीचा. समद्यांनी बघितला.”

“पाय वाढू द्या न्हाईतर शेपूट फुटू द्या. औषिद अर्ध्यात सोडलं तर रोग उलटतो. मग तो ह्या गोळ्यांनाबी ऐकत नाय. सोमवारी पोरगी इथं पायजे.”

“बघू,” गोरख म्हणाला. त्याच्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘अंजना म्हणेल ते’ असा होतो.

कळंब हे अंजनाचं माहेर. म्हणून सगळे तिथेच मुक्कामाला होते, आणि म्हणूनच रविवारी सकाळी ती आरोहीला घेऊन मार्थाबाईंकडे गेली.

मार्थाबाई भालेराव हे नाव कळंबला ओळख करून द्यावं लागत नाही. वय अडुसष्ट. दोन पिढ्यांना गणित शिकवून निवृत्त झाल्या. तिथल्या छोट्या कौलारू चर्चमध्ये पेटी त्याच वाजवतात. उपदेशकाने शास्त्रातला अध्याय चुकीचा सांगितला, तर त्या काही बोलत नाहीत. पुढच्या गीताच्या आधी पेटीचा एक सूर जरा जास्त वेळ दाबून धरतात. जाणत्यांना कळतं. आदल्या संध्याकाळी त्यांना मंचावर मानाच्या खुर्चीत बसवलं होतं, आणि तिथे पेटी नसल्याची हळहळ त्यांना तीनदा वाटली होती.

रविवारच्या उपासनेला पाहुणे उपदेशक म्हणून ब्रदर गिदोन आले. चर्चच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला होत्या. या भागात देवळात असो, विहारात असो की चर्चमध्ये, पायातलं पायरीवर राहतं. ब्रदरनीही आपले पांढरे बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि अनवाणी आत गेले. मार्थाबाईंनी ते पाहिलं आणि पेटीचा भाता ओढायला घेतला.

उपासना सुटून मार्थाबाई घरी आल्या, तेव्हा अंजना त्यांच्या अंगणात वाट पाहत होती.

“बाई, पाया पडते. आरोही, पड बाईंच्या पाया. बाई, तुमी व्हता ना काल? बघितलं ना?”

“बघितलं. चाल गं बाळ, त्या जास्वंदीपर्यंत जाऊन ये.”

आरोही गेली आणि आली. उजव्या पायावर एक पाऊल, डाव्यावर एक झोका.

“अंजना, ही लंगडतेय.”

“ती सवय हाय बाई. ब्रदर म्हणले, पाय बरा झाला पर पायाला अजून ठावं नाय. कळंल हळूहळू.”

“म्हणजे विश्वासात आता पाय कमी पडतोय?”

मार्थाबाईंनी घरातून शिवणाची टेप आणली, आरोहीला चटईवर निजवलं आणि खुब्याच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. मग अंजनाच्याच हातात टेप देऊन पुन्हा मोजायला लावलं. डावा दीड इंच कमी. डॉक्टरांनी सांगितला होता तेवढाच.

अंजनाने टेप गुंडाळली.

“देवाचं काम टेपानं मोजत्यात व्हय बाई?”

“कपडा मोजतेस, जमीन मोजतेस. पाय का नाही?”

“आन तुमी असं बोलता? आमी घरात खंडोबा पूजणारी माणसं, तरी आमी इश्वास ठिवला. तुमी तर त्याच धर्माच्या. तुमालाच शंका?”

गणिताच्या तासाला मार्थाबाईंना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“माझ्या धर्मात औषध घेणं पाप आहे, असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी रोज सकाळी बीपीची गोळी घेते, मग प्रार्थना करते. दोघांचं कधी भांडण झालं नाही. उद्या सोमवार आहे. हिची गोळी?”

“नाय देणार. दिली म्हंजी इश्वास तुटला. पाय परत आखडला तर? बाई, लंगडी पोर घरात वाढवणं काय असतं ते तुमाला ठावं नाय. हिच्या लग्नाच्या सपनातबी मला त्यो पायच दिसतो.” तिने आरोहीला जवळ ओढलं. “ब्रदर सोता बोलले, ‘गोळ्या दे,’ तर देईन. त्यांच्या तोंडून आलं पायजे.”

आता गोष्ट एका वाक्यावर आली होती. ते वाक्य मागायला मार्थाबाई दुपारी सावळाराम कदमांच्या घरी गेल्या. सावळाराम चर्चच्या पंचांपैकी. ब्रदरचा मुक्काम त्यांच्याकडे. जेवण नुकतंच आटोपलं होतं. अंगणातल्या दोरीवर, उलटे टांगून, पांढरे गमबूट वाळत होते. बाईंनी जाता जाता एका बुटात हात घातला. कोपरापर्यंत गेला.

“या मम्मी, या!” ब्रदर उठून उभे राहिले.

“मी तुमची मम्मी नाही. दुसऱ्या एकीच्या मुलीबद्दल बोलायला आलेय. कालच्या त्या पोरीला टीबी आहे. तिची आई गोळ्या बंद करतेय. तुम्ही फक्त एवढं म्हणा, ‘गोळ्या चालू ठेव.’”

“मी बंद करा म्हटलंच नाही.”

“म्हणून चालू ठेवा म्हणायला अडचण नसावी.”

ब्रदर गोड हसले. “विश्वासात पाणी मिसळता येत नाही, मम्मी. आजारी माणसाने औषधाकडे हात नेला की देवाने हात मागे घेतला.”

“हे कुठे लिहिलंय? अध्याय सांगा.”

“भावार्थ आहे.”

“पौलाचा तरुण सोबती तीमथ्य सारखा पोटाने आजारी असायचा. पौलाने त्याला काय कळवलं? विश्वास वाढव? नाही. पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असं कळवलं. दुसऱ्या एका सोबत्याला तो आजारीच मागे ठेवून पुढे गेला. त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. पौलाचाही विश्वास कमी होता का?”

“तो काळ वेगळा होता.”

“आणि ती पायात घालायची सुवार्तेची तयारी? ती याच पौलाची ना? ती तेवढी या काळातली?”

सावळारामनी घसा खाकरला आणि चहाचं विचारलं. ब्रदर माणूस वाईट वाटत नव्हते. अडचणीत आलेला माणूस जितका प्रेमळ होतो तितके झाले. म्हणाले, “तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद पाहिजे. संध्याकाळी मंचावर या. दोन मिनिटं माइक तुम्हाला. आशीर्वादाचे दोन शब्द बोला.”

गणिताच्या बाईला माइक देण्याआधी विचार करावा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी गर्दी आदल्या दिवसापेक्षा जास्त होती. पायाची बातमी मंचरपासून आळेफाट्यापर्यंत पोचली होती. अंजना, गोरख, चिमाबाई आणि आरोही पहिल्या रांगेत, कालचे साक्षीदार म्हणून. आजचे रुग्ण गेणभाऊ. त्यांची कंबर दुखत होती. ब्रदरनी त्यांना खुर्चीत बसवून, गमबूट चढवून, निदानही केलं होतं: उजवा पाय अर्धा इंच आखूड.

“साठ वर्षं चाललो ह्याच्यावर,” गेणभाऊ चिंतेने म्हणाले. “कुणी बोललं नाय राव.”

“आज देव बोलतोय! पण त्याआधी आपल्या आदरणीय मार्थाबाई दोन शब्द!”

मार्थाबाई माइकपाशी आल्या. “नमस्कार. मला एकच शंका आहे, ती ब्रदरच सोडवतील. ब्रदर, ही जागा पवित्र आहे ना?”

“आमेन! या घटकेला या शेताइतकी पवित्र जागा पुणे जिल्ह्यात नाही!”

“जळत्या झुडपापाशी मोशे गेला, तेव्हा देवाने त्याला आधी काय करायला सांगितलं?”

पाठांतर असलेल्या माणसाची जीभ विचाराच्या पुढे धावते. “जोडे काढ!” ब्रदर म्हणाले. “कारण तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे!” स्पीकरमधून ते रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरही ऐकू गेलं.



गेणभाऊंनी आपल्या पायांकडे पाहिलं. “मंग माजे काढू का?”

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. गेणभाऊंना धीर आला. “मी तेच म्हणतो. चपला खाली काढून अनवाणी वर आलो, आन वर तुमी बूट चढवले. म्हणलं, ह्यांच्यात आसंल तशी रीत. पावण्याची रीत इचारू नाय.”

“आमच्यात नाही!” मंचाच्या कडेला उभे असलेले सावळाराम न राहवून बोलले. “आम्हीही चर्चमध्ये अनवाणीच जातो. आम्हाला वाटलं, बूट तुमच्या लोकांसाठी ठेवलेत. काही सोवळ्याओवळ्याचं असेल.”

तर असं झालं होतं. हिंदू आणि बौद्ध मंडळींना वाटलं बूट ही ख्रिस्ती रीत, ख्रिस्ती मंडळींना वाटलं ही गावकऱ्यांची सोय, आणि दोघांनीही सभ्यपणाने एकमेकांना विचारलं नाही. कळंबच्या चमत्कारात निम्मा भाग रबराचा होता, निम्मा भिडेचा.

“शंका! शंका घुसली!” ब्रदर सावरले. “बूट म्हणजे सुवार्तेची तयारी!”

“मग सकाळी चर्चच्या पायरीवर तयारी बाहेर ठेवून आत आलात?” बाईंनी विचारलं. “बूट काढून करा ना, ब्रदर. देवाला रबराची काय अडचण?”

“काढा, काढा!” मागून आवाज आले. गमबूट निघाले. गेणभाऊंच्या टाचा, भेगांसकट, हॅलोजनच्या उजेडात आल्या. दोन्ही अगदी एका रेषेत. आखूड कुठला हे आता खुद्द गेणभाऊंनाही सांगता येईना.

“शंकेच्या हवेत आत्मा काम करत नाही,” ब्रदर म्हणाले.

“मग मी करून बघते. मला आत्म्याचं ठाऊक नाही, बुटांचं थोडं समजलंय.” बाईंनी गमबूट परत गेणभाऊंना चढवले, गुडघ्यांवर शाल टाकली आणि कण्हत खाली बसल्या. “माझेही गुडघे दुखतात, तेव्हा लवकर उरकते. बघा, उजवा बूट जरा मागे धरला. झाला पाय आखूड. आता नुसतं टाचेला धरून हळूहळू ओढायचं. पाय आत आहे तिथेच आहे. बूट पुढे येतोय. कालही बूटच पुढे आला होता.”

बूट अर्धा इंच पुढे आला, मग इंचभर, मग तीन इंच. लोक उठून उभे राहिले.

“बाई, बास!” गेणभाऊ ओरडले. “आता डावाबी वाढवा, न्हाईतर लंगडा व्हईन!”

बाई ओढत राहिल्या. बूट ‘फळ्ळ’ असा आवाज करून निघाला आणि त्यांच्या हातात आला.

“बाई, पाय कुणाकडं ऱ्हायला? तुमच्याकडं का माझ्याकडं?”

मांडव हसून आडवा झाला. बाईंनी हसू ओसरू दिलं. “गोठ्यातल्या चिखलात गमबूट रुतला तर काय होतं?”

“पाय निघतो, बूट ऱ्हातो!” घरोघरी गाई असलेल्या माणसांनी एका आवाजात उत्तर दिलं. सगळ्यांना ते माहीत होतं. फक्त ते बूट मखमलीत गुंडाळून आले होते.

“माजाबी तसाच सरकला व्हता.”

हे आरोही म्हणाली. मोठ्याने नाही; पण ती पहिल्या रांगेत होती. आधी पहिल्या रांगेतलं हसणं थांबलं, मग मागचं.

अंजनाने तिला दंडाला धरून आपल्याकडे वळवलं. “आगं मग काल का नाय बोलली?”

“कुणी इचारलंच नाय. समदी पायाशीच बोलत व्हती.” पोरगी म्हणाली. “आन तू रडत व्हतीस. मला वाटलं, वाढलाबी आसंल.”

अंजनाने तिचा दंड सोडला. चिमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मार्थाबाई माइक हातात घेऊन उभ्या राहिल्या. “मी कुणाची श्रद्धा मोडायला आले नाही. मीही रोज प्रार्थना करते. पण आजारी पडणं म्हणजे विश्वास कमी असणं, ही शिकवण मला माझ्या शास्त्रात सापडत नाही. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस दिसला, तेव्हा शिष्यांनी प्रभूला विचारलं, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणाला, याने नाही आणि त्यांनीही नाही. दुखणाइताला वैद्य लागतो, हेही तोच म्हणाला. त्याच्या नावाने याच्या उलट कुणी सांगत असेल, तर ते तपासून घ्या. माझंही तपासून घ्या. आणि पाय मोजायचा असेल, तर बूट काढून मोजा.”

त्या ब्रदरकडे वळल्या. “आता तरी सांगा त्या आईला. गोळ्या चालू ठेव.”

ब्रदर गिदोन जवळ आले. त्यांनी आपल्या माइकचं बटण बंद केलं. “मम्मी, लोकांना आशा लागते,” ते हळू म्हणाले.

“द्या की आशा. औषध हातात राहू दे आणि द्या.”

त्यावर ते आणखी हळू म्हणाले, “डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, मी कुठे नाही म्हणतो.” हे मार्थाबाईंनी ऐकलं, सावळारामनी ऐकलं आणि कीबोर्डवाल्याने ऐकलं. माइक बंद होता. अंजनापर्यंत ते पोचलं नाही.

सभा त्या दिवशी लवकर संपली. सोमवारची सभा झाली, निम्म्या गर्दीत, गमबुटांशिवाय. तिथे ब्रदर म्हणाले की कळंबात एका वृद्ध स्त्रीच्या तोंडून सैतान बोलला, तिच्यासाठी प्रार्थना करा. काहींनी केली. चर्चमधली दोन घरं मार्थाबाईंशी बोलेनाशी झाली आहेत. सावळारामनी त्यांना सांगितलं, “बाई, चारचौघांत आपल्याच माणसाला उघडं पाडलंत.” बाई म्हणाल्या, “माणसाला नाही, चुकीच्या शिकवणीला. आपली आहे म्हणून ती बरोबर होत नाही.” गेणभाऊ मंचरला हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. कमरेचा मणका झिजला आहे, दोन्ही पाय सारखे आहेत.

हात जोडायला हरकत नाही. जोडण्याआधी झाकलेलं काढून बघावं, एवढंच. ज्याच्यावर चमत्कार झाला त्याला आधी विचारावं, तुला काय वाटलं? शेजाऱ्याची रीत ठाऊक नसेल तर तीही विचारावी. खरा शेजारी रागावत नाही. जो देव औषधाच्या एका गोळीने रुसतो, तो देव फार छोटा आहे, आणि त्याचा पत्ता फक्त मंचावरच्या माणसाला ठाऊक असतो. टीबीचे जंतू मात्र भाषण ऐकत नाहीत. त्यांना गोळी कळते, आणि चुकवलेली गोळीही कळते.

सोमवारी दुपारी उशिरा अंजना आरोहीला घेऊन अंगणवाडीत आली. साळुबाईने काही न विचारता डबा उघडला. पोरीने गोळ्या घेतल्या.

बुधवारी अंजना एकटीच आली. म्हणाली, शाळा बुडते, गोळ्या घरी द्या, मी देईन. सुरुवातीचे महिने सरले की तसं द्यायला परवानगी आहे. फक्त पुढच्या सोमवारी रिकामं पाकीट परत दाखवावं लागतं. साळुबाईने बुधवारच्या आणि शुक्रवारच्या गोळ्या दिल्या. गोरख म्हणतो, घरात औषध चालू आहे. चिमाबाई शेजारणीला म्हणाल्या, “त्या बाईनं मधीच मोडता घातला, न्हाईतर पाय पुरा वाढला असता.” अंजना दोघांचंही ऐकते आणि आपल्या कामाला लागते. आज, रविवारी सकाळी पाणवठ्यावर साळुबाईने तिला विचारलं, “शुक्रवारची घेतली ना गं पोरीनं?” अंजना “हां” म्हणाली आणि कळशी उचलून चालायला लागली.

रिकामं पाकीट तिने उद्या आणायचं आहे.